जिवा परत येऊन चाळीस वर्षं

नत्थूजींनी पूर्णविराम बसवला आणि मग त्यांना ओळ कळली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचं असंच असतं. तो अक्षरं वाचतो, मजकूर वाचत नाही. समोर हस्तलिखिताचा कागद असतो, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणाखणांतून शिशाचं एकेक अक्षर उचलत जातो, डाव्या हातातल्या स्टिकच्या लोखंडी पट्टीत ती अक्षरं उलटी उभी राहत जातात, आणि डोकं भलतीकडेच कुठंतरी असतं. महाल भागातल्या या प्रेसमध्ये एकतीस वर्षं नत्थूजींचं डोकं भलतीकडेच होतं. सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका. हातांना सगळं सारखंच. पण आज पूर्णविराम बसला आणि बोटं थांबली. नव्या पुस्तकाचं पहिलं पान, पहिली ओळ. 'जिवा मरून चाळीस वर्षं झाली होती.' त्यांनी स्टिक खिडकीच्या उजेडाकडे केली. उलटी अक्षरं ते सहज वाचत, पण या वेळी त्यांनी ती पहिलीतल्या पोरासारखी एकेक लावून वाचली. तरी तेच निघालं. छातीत दुखलं असं नव्हे. घरातली एखादी वस्तू कोणी न सांगता हलवावी आणि आपला हात जुन्याच जागी जावा, तसं काहीतरी झालं.

"काय गा नत्थूजी," मालक दादाजी टेबलावरून ओरडले, "त्या स्टिकची पूजा करून राहिले का? अगरबत्ती देऊ?"

"दादाजी, हे पुस्तक दुसऱ्या कोणाले द्या. मी लग्नपत्रिका करतो."

"लग्नपत्रिका? वैशाख सरला न बापा. आता काय पिंपळावरच्या मुंज्याचं लग्न लावता? अन् गणपतरावांचं अक्षर तुमच्याइतकं लागते कोणाले? त्यांनी साफ सांगतलं हाय, सुरुवात नत्थूजीच्याच हातून, नाहीतर पुस्तक वापस."

ते खरं होतं. गणपतराव कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि सुटीत दूरच्या ग्रहांवरच्या गोष्टी लिहीत. त्यांचं पहिलं पुस्तक, 'आठव्या छावणीचा वेढा', बारा वर्षांपूर्वी याच प्रेसमध्ये निघालं होतं. हा त्याचा दुसरा भाग, 'वेढा उठल्यावर'. खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताटीवर नत्थूजींनी तांब्याभर पाणी मारलं, ओला वास आत आला, आणि ते पुन्हा केसपुढे उभे राहिले. हात मात्र चालेना.

पहिला भाग तिघांनी मिळून जुळवला होता. काम घाईचं असलं की दादाजी हस्तलिखित पत्त्यांसारखं वाटत. दहा पानं याला, दहा त्याला, दहा तिसऱ्याला, मग पुन्हा याला. त्यामुळे नत्थूजींनी जन्मात एकही पुस्तक सलग वाचलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. वाटायचं ते त्यांच्या बायकोला, यमुनेला. गोळीबार चौकाच्या मागे त्यांचं घर; पुढच्या खोलीत वडलांच्या वेळचा हातमाग. नत्थूजींनी विणकाम सोडून प्रेस धरला, पण यमुना शेजारच्या मागांसाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून देत असे. संध्याकाळी ते घरी आले की चरख्यावरची नजर न काढता ती विचारी, "आज काय जुळवलं?" तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. नत्थूजी सांगत: आज अमक्या सोसायटीला नफा झाला, आज तमक्याचा म्हातारा गेला. आणि त्या वर्षी, पासष्टच्या दसऱ्यानंतर, ते वेढ्याची गोष्ट सांगू लागले. दूरच्या एका ग्रहावर काचेच्या मोठ्या घुमटाखाली माणसांची वस्ती. बाहेर हवा नाही. शत्रूनं तीन वर्षं वेढा दिलेला, आणि आत हवेचं रेशन. दुसरी एखादी बाई हसली असती. यमुना म्हणाली, "हवेचं रेशन? मंग तिथंही गरिबाले कमीच भेटत असन." मधली वीस पानं नत्थूजींना ठाऊक नसत. ती ते मनानं भरत. कधी खरी पानं आणि भरलेली पानं एकमेकांना जुळत नसत, तेव्हा यमुना चरखा थांबवून म्हणे, "काल तर तुम्ही सांगतलं त्याचा पाय मोडला, आज धावते कसा?" मग पाय बरा करावा लागे.

त्याच दिवसांत यमुनेचा धाकटा भाऊ भैय्याजी पंजाबच्या सीमेवर होता. लढाई थांबली असं रेडिओवर सांगून दोन महिने झाले होते आणि त्याचं पत्र नव्हतं. ती कोणापुढे रडली नाही. फक्त तिच्या कांड्या सैल भरल्या जाऊ लागल्या आणि विणकर परत आणून देऊ लागले. अशाच एका संध्याकाळी नत्थूजींची दहा पानं अशा जागी संपली होती: घुमटाचा हवेचा वॉल्व्ह बाहेरच्या बाजूनं अडकलेला, आत माणसं गुदमरलेली, आणि जिवा नावाचा साधा मेकॅनिक अंगापेक्षा मोठा पोशाख घालून तो हातानं उघडायला बाहेर जातो. त्याच्यामागे दार बंद होतं. पान संपलं. चरखा थांबला. यमुनेनं वर पाहिलं. "आला का वापस?" तिनं विचारलं, आणि तिनं कोणाचं विचारलं हे नत्थूजींना कळलं, म्हणून क्षणभरही न थांबता ते म्हणाले, "आला." "कसा आला?" "रांगत आला. पोशाख फाटला होता. पण आला." दुसऱ्या दिवशी डबा खाताना शेजारच्या केसवरचा जोडीदार म्हणाला, "तुमचा जिवा मेला गा नत्थूजी. वॉल्व्ह उघडला अन् तिथंच गोठून उभा. लेखकानं झक्कास मारला." नत्थूजींनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि खाल्ला. घरी काही सांगितलं नाही. आणि तीन आठवड्यांनी अंबाल्याच्या लष्करी दवाखान्यातून भैय्याजीचं कार्ड आलं. यमुना ते कार्ड पदराला पुसत म्हणाली, "पाहा, मी म्हणत होती न? जिवा आला म्हणजे हाही येते." यानंतर खरं सांगायला जागा उरली नाही. जागा उरली नाही हे बरंच झालं, असं नत्थूजींना पुढे कितीतरी वेळा वाटलं.

भैय्याजी आला. हातपाय शाबूत होते. लग्न झालेलं नव्हतं, आईबाप नव्हते, म्हणून बहिणीकडे आला आणि राहिला. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या खोलीत गेला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. हातमागाला जमिनीत कमरेइतका खड्डा असतो, विणकराचे पाय त्यात असतात. लोक म्हणाले, चांगलं झालं, कोष्ट्याचं पोर मागावर बसलं. पण तो विणत नव्हता. नुसता बसत होता, अर्धा जमिनीत, दाराकडे तोंड करून. सात महिने. जेवायला हाक मारली की यायचा, अर्धी भाकरी खायचा, अर्धी उशाखाली ठेवायचा. यमुना त्याला काही विचारत नसे. ती सकाळी भरलेल्या कांड्या त्याच्या हाताशी ठेवी आणि संध्याकाळी न बोलता तशाच उचलून नेई. पुस्तक तोवर छापून, बांधून, विकायला गेलं होतं. एक दिवस तिनं विचारलं, "मंग जिवाचं पुढं काय झालं?" नत्थूजी म्हणाले, "पुढं काय. वेढा उठला. पुस्तक संपलं." चरखा चालू ठेवून ती म्हणाली, "लढाई संपली म्हून पुस्तक संपते? माणूस तर आताच घरी आला." पुढच्या खोलीकडे पाहत नत्थूजी म्हणाले, "आल्यावर त्याले झोप येत नव्हती."

तिथून ते सुरू झालं. बारा वर्षं चाललं. रोज नाही, पण आठवड्यातून तीनचारदा. जिवा उशाखाली हवेची नळी घेऊन झोपू लागला. हवा भरपूर झाली तरी तो अर्धाच श्वास घेई. कोणी टाळ्या वाजवल्या की टेबलाखाली जाई. लोकांनी त्याला हार घालायला बोलावलं तर तो मागच्या दारानं निघून गेला आणि शाळेचा बंद पंखा खोलून बसला. नत्थूजी काही लेखक नव्हते. समोर जे दिसे तेच उचलून ते दूरच्या ग्रहावर नेऊन ठेवत. भैय्याजीनं एक दिवस विणायला धोटा हातात घेतला, त्या संध्याकाळी जिवानं पंखा पुन्हा बसवला. भैय्याजीचं पहिलं लुगडं काठाला वाकडं निघालं, जिवाचा पंखा कुरकुरू लागला. एकाहत्तरमध्ये गल्लीतले रेडिओ पुन्हा लढाईचं बोलू लागले आणि भैय्याजी महिनाभर नुसताच खड्ड्यात बसला, तेव्हा छावणीतही शत्रू परत आल्याची अफवा उठली आणि जिवा वॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिला. रोज तिथंच, अफवा खोटी ठरेपर्यंत. यमुना मधेमधे बदल सुचवी. "त्याच्या बायकोनं काही बोललं पाहिजे आता. किती दिवस गप्प राहीन ती?" मग नत्थूजी बायकोला बोलायला लावत. आता आठवताना त्यांना नवल वाटे की लग्नाच्या पहिल्या सतरा वर्षांत ती दोघं जितकं बोलली नसतील तितकं या बारा वर्षांत बोलली, आणि सगळं एका अशा माणसाबद्दल, जो पुस्तकाच्या हिशेबानं कधीच मेलेला होता.

शेवटी यमुना आजारी पडली आणि धंतोलीच्या दवाखान्यात सतरा दिवस होती. नत्थूजी खाटेजवळ स्टुलावर बसत. डॉक्टर चांगले होते, नर्सबाई स्वतःच्या डब्यातली भाजी देत. नत्थूजींनी त्या दिवसांबद्दल कोणाला दोष दिला नाही. सतरा दिवस मिळाले हेच पुष्कळ, पुष्कळांना तितकेही मिळत नाहीत. एका दुपारी यमुना डोळे मिटून म्हणाली, "जिवाचं काय चालू हाय?" त्यांनी सांगितलं की आता बाहेरही हवा तयार झाली आहे, शास्त्रज्ञ म्हणतात, घुमट उघडायचा; आणि पहिला पेच जिवानं काढायचा असं ठरलं आहे. ती म्हणाली, "आज नका उघडू. दमली मी. उद्या उघडा." दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्याला आता आठ महिने झाले होते. घरी नत्थूजी आणि भैय्याजी, दोन पुरुष, स्वयंपाक करीत, भांडी घाशीत, एकमेकांना वाढीत. भैय्याजी विणत होता. नत्थूजी संध्याकाळी उंबरठ्यात चपला काढताना अजून क्षणभर थांबत. कोणी काही विचारत नसे, मग आत जात. तिचे फोटो दोनच होते, दोन्हींत ती तिच्यासारखी दिसत नव्हती. तिचा आवाज ज्यात होता अशी एकच वस्तू त्यांच्याजवळ होती, ती म्हणजे जिवाची पुढची गोष्ट. आणि आता शिशाच्या अक्षरांत, छापून हजार लोकांच्या हातात जाणार होतं की असं काही झालंच नाही.

दादाजी जेवायला गेले होते. नत्थूजींनी चिमटा उचलला, 'मरून' ही तीन अक्षरं काढून खणांत टाकली आणि त्या जागी 'परत येऊन' लावलं. ओळ घट्ट बसली. 'जिवा परत येऊन चाळीस वर्षं झाली होती.' एकतीस वर्षांत त्यांनी लेखकाचा काना बदलला नव्हता. पुढची पानं त्यांनी कागद पाहून, अर्थ न लावता, जशी होती तशी जुळवली.

तिसऱ्या दिवशी गणपतराव पहिलं प्रूफ न्यायला आले आणि तिथंच बाकावर बसून वाचू लागले. एक ओळ वाचून थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. मग ते उठून केसपाशी आले. दादाजी टेबलावरून मान उंचावून पाहत होते.

"नत्थूजी, ही चूक नाही," गणपतराव हळू म्हणाले. "चुकीत अक्षर चुकतं. इथं माणूस जिवंत झालाय."

दादाजी धावतच आले. "काय झालं सर? काय केलं? अरे नत्थूजी, काय करून ठेवलं गा तुम्ही? काहून?"

"मी केलं," नत्थूजी म्हणाले. "मुद्दाम केलं. पाहिजे तर उद्यापासून येत नाही." आणि मग, ज्या माणसाशी बारा वर्षांत कागदापलीकडे बोलणं झालं नव्हतं, त्याला त्यांनी सगळं सांगितलं. दहा पानांचं वाटप, चरखा, भैय्याजी, पंखा, दवाखाना. नीट सांगता आलं नाही; मागचं पुढे झालं, पुढचं राहून गेलं. गणपतराव केसच्या कडेला हात टेकवून ऐकत होते. दादाजींनी एकदा "चहा सांगू का?" म्हटलं आणि कोणी उत्तर दिलं नाही तेव्हा आपणच सांगायला गेले.

"खरं सांगू?" गणपतराव म्हणाले. "मी त्याला मारलं, कारण परत आलेल्या माणसाचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांचा होतो. लढाई लिहिणं सोपं असतं हो. तोफ उडते, दार फुटतं, पान आपोआप उलटतं. वेढा उठला की लेखक टाळ्या घेऊन घरी जातो. माणसं मात्र तिथंच राहतात. मग लोक विचारू लागले, दुसरा भाग कधी? त्यांना दुसरा वेढा पाहिजे होता, पहिल्यापेक्षा मोठा. मी दोनदा लिहायला घेतला आणि फाडला. मला राहून राहून वाटायचं, वेढा उठल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांनी काय केलं असेल? चाळीस वर्षांनी त्यांची मुलं कशाला हसत असतील, आणि म्हाताऱ्यांना त्या हसण्याची भीती वाटत असेल का? एवढंच लिहिलंय. यात एकही गोळी सुटत नाही." ते थांबले. "पण परत आलेला माणूस यात नाहीच. तो तुमच्याजवळ आहे. मी बदलतो. दीड महिना लागेल. तुम्ही सांगा, मी लिहितो."

"दीड महिना!" कपबशा घेऊन आलेले दादाजी म्हणाले. "सर, मशीन काय तोवर भजन करीन?"

कोणी आपल्याला इतकं मोठं काही देऊ करील असं नत्थूजींना वाटलं नव्हतं. रागावतील, काढून टाकतील, एवढीच तयारी होती. "एक दिवस द्या सर," ते म्हणाले, "अन् सगळे कागद द्या. मी अजून पूर्ण वाचलं नाही." गणपतरावांनी हस्तलिखिताचा गठ्ठा दोरी बांधून त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी, एखादं मूल द्यावं तसा.

ऊन उतरायला लागलं तेव्हा नत्थूजी घरच्या ओट्यावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक पहिल्या पानापासून सलग वाचू लागले. सुरुवातीला ते जिवाला शोधत होते. तो नव्हता. त्याचं नाव भिंतीवर होतं, त्याचा पुतळा बसवायचा होता, मुलं त्याच्यावर निबंध लिहीत होती आणि तारीख चुकवत होती. वेढ्याचा भोंगा आता शाळेची मधली सुट्टी सांगत होता. या सगळ्यातून एक म्हातारी चालत होती. चारुशीला, जिवाची बायको, वय वर्षं अडुसष्ट. नत्थूजींच्या गोष्टीत जिवाच्या बायकोला कधी नाव नव्हतं. वेढ्यात नवराबायकोला मिळून हवेचा एक कोटा असे. ती अर्धा श्वास घेई आणि अर्धा त्याच्यासाठी ठेवी. हवा भरपूर होऊन चाळीस वर्षं झाली तरी ती अर्धाच श्वास घेत होती. डॉक्टर रागावत. ती म्हणे, सवय आहे. पुतळा पाहायला तिला नेलं तर ती म्हणाली, "हा माझा नव्हे. त्याचा डावा खांदा उतरता होता." एकदा ती चष्म्यासाठी शत्रूच्या गावी गेली, आता तिथं बाजार भरत होता. चष्मेवाला म्हातारा वेढ्याच्या वेळी समोरच्या कड्यावर पहाऱ्याला होता. त्यानं जिवाला बाहेर येताना पाहिलं होतं आणि बंदूक उचलली नव्हती. दोघं बराच वेळ चहा पीत बसली. तो म्हणाला, "मी कोणाला सांगितलं नाही, आमच्याकडे तो गुन्हा होता." ती म्हणाली, "चष्मा थोडा सैल आहे." त्यानं तो नीट करून दिला. नत्थूजींनी पान खाली ठेवलं. त्यांनी जिवाला कधी मरू दिलं नव्हतं, म्हणून ही बाई त्यांना कधी भेटलीच नव्हती. आणि ही बाई सकाळी उठत होती, चूल पेटवत होती, शेजारणीशी पाण्यावरून भांडत होती. मेलेल्या माणसामागे चाळीस वर्षं रोज उठायचं म्हणजे काय, ते कोणीतरी बसून, नीट विचार करून लिहिलं होतं. नत्थूजींचे तर आठच महिने झाले होते.

"काय वाचून राहिले भाऊजी?" मागे भैय्याजी उभा होता. केसांत सुताची धूळ. "जिवाचं हाय का?"

नत्थूजी दचकले. "तुले काय मालूम जिवा?"

"बारा वर्षं आयकून राहिलो न." भैय्याजी ओट्यावर बसला. "तुम्ही सांगायले लागले की मी माग बंद करो. यमुनाबाईले वाटे उजेड गेला म्हून बंद केला." तो थोडा वेळ नखातलं सूत काढत राहिला. "सुरुवातीले रोज सकाळी वाटे, आज काही जगायचं नाही. मंग संध्याकाळी तुम्ही सांगत, जिवानं शाळेचा पंखा खोलून ठेवला. म्हटलं, लावते का नाही तो पंखा, येवढं पाहून घेऊ. लावला त्यानं. पण दुसऱ्या दिवशी अजून काही निघे."

नत्थूजींनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "भैय्या, पुस्तकात तो मेला हाय. पहिल्यापासून. मी तुझ्या बहिणीले खोटं सांगतलं."

भैय्याजीनं नखातलं सूत काढणं थांबवलं. "बाईले माहीत झालं का कधी?"

"नाही."

"बरं केलं," तो म्हणाला. आणि मग, "तुम्ही मले कधी काही विचारलं नाही, भाऊजी. त्याले विचारत रायले. लय उपकार झाले."

नत्थूजींनी त्याला गणपतराव काय म्हणाले ते सांगितलं. मग, मागितलं नव्हतं तरी, चारुशीलेची पानं मोठ्यानं वाचून दाखवली. भैय्याजीनं मान खाली घालून सगळं ऐकलं. चष्मेवाल्याच्या जागी त्यानं फक्त "हं" म्हटलं, पण ते "हं" छातीतून आलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तो वापस आला तर मंग ही म्हातारी कुठी जाईन?"

"जाईन म्हणजे?"

"एकटी रायली, येवढी वर्षं काढली, त्या दुश्मनासंग चहा प्याली. हा आला तर तिचं हे सगळंच पुसून जाते न. बिचारीनं जगून दाखवलं ते फुकट."

"अन् आपला जिवा?"

"आपला घरी हाय," भैय्याजी उठत म्हणाला. "त्याले कायले पाहिजे पुस्तक? चला, भात टाकतो. तुम्ही टाकता तर रोज गोळा होते."

दुसऱ्या दिवशी नत्थूजी प्रेसमध्ये पोचले तर गणपतराव त्यांच्या आधीच बाकावर बसले होते, खिशात कोरे कागद घेऊन. नत्थूजींनी गठ्ठा परत दिला. "मेलेलाच राहू द्या सर," ते म्हणाले. "बाई चांगली लिहिली तुम्ही. तिले धक्का नका लावू."

"आणि तुमचं?"

नत्थूजींनी येताना वाटेत बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं निम्मं आता आठवेना. "तुम्ही त्याले मारला म्हून तो मले भेटला," ते म्हणाले. "तुम्हीच वापस आणला असता तर मले सांगायले काय उरलं असतं? आमच्या घरात बारा वर्षं बोलणं झालं, ते तुमच्यामुळे. मी तुमचे आभार मानायले पाहिजे होते, अन् तुमची ओळ बदलून बसलो."

गणपतरावांनी कोरे कागद घडी करून पुन्हा खिशात घातले आणि चष्मा काढून पुष्कळ वेळ पुसत राहिले. दादाजी म्हणाले, "मंग आता तिघांत वाटून देऊ का? वेळ गेला."

"नाही दादाजी. हे सगळं मीच करतो. एकटा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत."

"श्रावण उजाडन!"

"उजाडू द्या," गणपतराव म्हणाले.

नत्थूजींनी जुळवून बांधून ठेवलेल्या पहिल्या पानाची दोरी सोडली आणि पहिली ओळ अलगद उचलून स्टिकमध्ये घेतली. चिमट्यानं 'परत येऊन' काढलं, एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या खणात टाकलं, आणि 'मरून' लावलं. शब्द लहान, म्हणून ओळीत जागा उरली. अशी ओळ तशीच ठेवता येत नाही. मशीनवर चढली की अक्षरं हलतात, निखळून पडतात. त्यासाठी कोरे खिळे असतात. त्यांच्यावर अक्षर नसतं, त्यांना शाई लागत नाही, कागदावर ते कधी दिसत नाहीत. नुसते इतरांच्या मधे उभे राहून जागा धरून ठेवतात. नत्थूजींनी ते एकामागून एक बसवले, शेवटचा अंगठ्यानं दाबून आत सारला. मग त्यांनी स्टिक उभी धरून हलवून पाहिली. ओळ घट्ट होती.